‘कळवतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नोकरी देणे ही देणाऱ्याची मर्जी आहे, हे मत आपल्याकडे इतके खोल रुजले आहे की ते केवळ एक मत आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यातले एचआर साहेब ते बोलून दाखवतात. वाळूजचा लेबर कंत्राटदार ते वागून दाखवतो. आणि हर्सूलच्या घराघरांत आईबाप मुलाला मुलाखतीला पाठवताना हेच बजावतात: गरज आपल्याला आहे, त्यांना नाही, जास्त विचारत बसू नको. या मताला व्यवहारज्ञानाचा मान मिळाला आहे. तो मान त्याने कमावलेला नाही, एवढेच मला येथे दाखवायचे आहे.

प्रथम प्रतिपक्ष नीट मांडतो, कारण तो अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, भांडवल मालकाचे, जोखीम मालकाची, चुकीचा माणूस घेतला तर भुर्दंडही मालकालाच; मग कोणाला घ्यायचे आणि कसे पारखायचे, हे त्यानेच ठरवावे. एकेका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. प्रत्येकाला उत्तर देत बसणे अशक्य. नाकारण्याचे कारण सांगावे तर उमेदवार हुज्जत घालतो, कोर्टाची भाषा करतो. शिवाय उमेदवार तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? एकाचे ऑफर लेटर दाखवून दुसरीकडे पगार वाढवून घेतात आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवतात. हा शेवटचा आरोप खरा आहे, तो मी नाकारत नाही. सरकारी भरतीबाबत हा पक्ष आणखी एक हुकमाचा पत्ता टाकतो: निवड यादीत नाव आले म्हणजे नेमणुकीचा अबाधित हक्क मिळतो असे नाही, हे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

सांगितले आहे, खरे. शंकरसन दाश खटल्यात 1991 साली घटनापीठाने ते सांगितले. पण हा पत्ता टाकणारे निकाल अर्धाच वाचतात. त्याच निकालात पुढे म्हटले आहे की, म्हणून सरकारला मनमानी करण्याचा परवाना मिळत नाही. जागा रिकाम्या ठेवायच्या तर त्याला प्रामाणिक आणि योग्य कारण हवे, आणि भरायच्या तर परीक्षेत ठरलेला गुणानुक्रम पाळलाच पाहिजे. पुढे 7 नोव्हेंबर 2024 रोजी तेजप्रकाश पाठक खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी एक गाठ पक्की बांधली: भरती सुरू झाल्यावर, नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर, पात्रतेचे निकष मध्येच बदलता येणार नाहीत. म्हणजे काय झाले? नोकरीवर हक्क नाही, पण ती ज्या वाटेने दिली जाते त्या वाटेवर हक्क आहे. प्रतिपक्षाची सारी गफलत या दोन हक्कांची सरमिसळ करण्यात आहे. पहिला हक्क मी मागतच नाही. दुसरा कोणी मेहेरबानी म्हणून द्यायचा नाही.

यावर तयार उत्तर असते: सरकारचे सोडा, राज्यघटनेचा अनुच्छेद 16 सरकारला बांधतो, खासगी मालकाला नाही. बरोबर. पण खासगी मालक मोकाट आहे असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? 1976 च्या समान वेतन कायद्यानेच भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला मनाई केली होती. तीच मनाई आज वेतन संहितेत आहे, आणि ती कारखानदारालाही लागू आहे. तृतीयपंथी व्यक्तीला केवळ त्या कारणाने नोकरी नाकारायची नाही, हे 2019 च्या कायद्याने सर्व आस्थापनांना सांगितले. नोकरीपूर्वी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही, हे 2017 च्या कायद्याने सांगितले. रिकाम्या जागांचे तर फार आधीच ठरले होते. 25 किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनेनेसुद्धा जागा निघाली की रोजगार विनिमय केंद्राला कळवावी, असा कायदा संसदेने 1959 साली केला. त्या केंद्राकडूनच माणूस घ्या, अशी सक्ती त्यात नव्हती. निवड मालकाचीच, पण जागा आहे हे गावाला कळू द्या, एवढाच त्याचा अर्थ. हा कायदा वर्षानुवर्षे कागदावर राहिला आणि भरती गेटवरच्या ओळखीने होत राहिली, ही गोष्ट मर्जीच्या मताचा पुरावा ठरत नाही. कायदा मोडला जातो म्हणून तो नव्हताच, असा युक्तिवाद चोरसुद्धा करत नाही.

अर्जाचा नमुना आपण ठरवू तसा, त्यात हवे ते विचारू, ही मर्जीही न्यायालयात टिकलेली नाही. भारतीय आयुर्विमा महामंडळ महिला उमेदवारांकडून एक घोषणापत्र भरून घेत असे. त्यात मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची पाळी कधी आली, गर्भधारणा किती झाल्या, असे रकाने होते. गरोदरपणाची माहिती दडवली म्हणून एका परिविक्षाधीन कर्मचारी महिलेला कामावरून काढले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1991 मध्ये न्यायालयाने त्या महिलेला परत कामावर घ्यायला लावले, आणि हे रकाने लाजिरवाणे असून ते काढून टाकावेत, असे महामंडळाला सुनावले. आता वाचकांनीच सांगावे: आजही मुलाखतीत मुलीला ‘लग्न कधी करणार, नंतर नोकरी करू देतील का’ असे विचारणारे साहेब त्या रकान्यांपेक्षा कितीसे पुढे आले आहेत?

आणि हे मर्जीचे मत फार जुने, परंपरेचे आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. आपले हर्सूल 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात लोकांनी निवडलेले सरकार नव्हते, मूलभूत हक्क नव्हते. तरीही सरकारी नोकरी कोणाला मिळेल यासाठी 1919 च्या फर्मानाने मुलकी नियम लिहून ठेवले होते, पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट त्यात होती. नियम चांगले होते की वाईट, हा वेगळा वाद आहे, आणि त्यावरून पुढे बरीच आंदोलनेही झाली. पण एकतंत्री राजासुद्धा अट आधी लिहून जाहीर करत होता. एमआयडीसीतल्या साहेबाला तेवढेही जड जावे?

आता ‘अर्जच इतके येतात की’ या मुद्द्याकडे वळू, कारण सर्वांत जास्त टाळ्या यालाच पडतात.

2024 मध्ये राज्यात पोलीस भरती झाली. जागा 17,471, अर्ज 17 लाखांहून अधिक. कारागृह शिपायांच्या जागाही याच भरतीत होत्या. हर्सूलकरांना ते वेगळे सांगायला नको, मध्यवर्ती कारागृह गावातच आहे. जटवाडा रस्त्याने पहाटे धावणाऱ्या कोणत्याही पोराला विचारा, तो आपली प्रक्रिया तोंडपाठ म्हणून दाखवील. मुलाची उंची 165 सेंटिमीटर, मुलीची 155. मैदानी 50 गुणांची, लेखी 100 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावायचे. 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण 20 गुण, त्यापुढे सेकंदांच्या टप्प्यांनी गुण उतरत जातात. गोळा 7.260 किलोचा. मैदानीत किमान निम्मे गुण. मग एका जागेमागे दहा जण लेखीला. हे सगळे अर्ज भरण्याआधी ठाऊक असते. जो पोरगा बाद होतो त्याला आपण किती सेकंदांनी बाद झालो हे कळते, आणि तो पुढच्या भरतीसाठी त्याच सेकंदांवर मेहनत घेतो.

ही भरती निर्दोष होती असे माझे म्हणणे नाही. ऐन पावसाळ्यात, जूनमध्ये मैदानी घेतल्याने चिखल झाला, तारखा सरकल्या, परगावची मुले फुटपाथवर झोपली. तरीही 17 लाख अर्जदारांना निकष आधी आणि गुण नंतर सांगणे शक्य झाले. मग मुलाखतीला बोलावलेल्या चाळीस जणांना एक मेसेज पाठवणे कोणत्या हिशेबाने अशक्य आहे? ज्या संगणकावरून ‘उद्या अकरा वाजता ओरिजिनल कागदपत्रांसह हजर राहा’ हा मेसेज एका वेळी सर्वांना जातो, त्याच संगणकावरून ‘आपली निवड झाली नाही’ हा जात नाही का? खर्च तोच. लागते ती फक्त सभ्यता.

शिवाय हा मुद्दा मांडणारे एक गोष्ट सोयीने विसरतात. अर्जदार फुकट येत नाही. 2023 च्या तलाठी भरतीत जागा 4,644 होत्या, शुल्क खुल्या प्रवर्गाला 1000 आणि राखीवला 900 रुपये, अर्ज दहा लाखांहून अधिक. प्रत्येकाचे 900 च धरले तरी रक्कम 90 कोटींच्या घरात जाते. एवढे पैसे आधी भरणाऱ्याला याचक म्हणायचे की ग्राहक? त्याआधीचा एक प्रसंग तर अनेकांना आठवत असेल. म्हाडाची परीक्षा 12 डिसेंबर 2021 रोजी होती. पेपर फोडण्याचा कट उघड झाल्यामुळे ती पुढे ढकलल्याची घोषणा आदल्या मध्यरात्रीनंतर झाली. तेव्हा एसटीचा संप चालू होता. खेड्यापाड्यांतली मुले खासगी गाड्यांचे मनमानी भाडे भरून केंद्राच्या गावी पोहोचली होती किंवा वाटेत होती. कट हाणून पाडला हे योग्यच झाले. पण त्या रात्रीचे भाडे कोणी परत केले? प्रक्रियेचा खर्च एका बाजूने उचलायचा आणि मर्जी दुसऱ्या बाजूची, या व्यवहाराला न्याय कसा म्हणावा?

कारण सांगितले तर वाद वाढतात, हा त्यांचा तिसरा मुद्दा. अनुभव नेमका उलटा आहे. त्याच तलाठी भरतीत काहींना 200 पैकी 214 गुण पडले. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत झाली होती. सत्रांची काठिण्यपातळी वेगवेगळी असल्याने गुणांचे सामान्यीकरण केले होते, आणि त्या सूत्राने गुण कमाल मर्यादेच्या वर जाऊ शकतात. स्पष्टीकरण होते. पण ते सामान्य उमेदवाराच्या गळी उतरेल असे आधी कोणी समजावले नव्हते, म्हणून निकालाच्या दिवशी राज्यभर घोटाळ्याची ओरड झाली. तेव्हा वाद कशाने पेटला? सांगण्याने की न सांगण्याने?

न्यायालयांचा कलही पाहा. तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीला माहिती अधिकारात पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ठरवले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या बाबतीत 2018 मध्ये त्याला मुरड घातली गेली, हेही नोंदवले पाहिजे. पण नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, पुणे जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिकांच्या भरतीच्या प्रकरणात, इतर उमेदवारांचे गुणही उघड करायला सांगितले. सार्वजनिक निवडीतले गुण ही झाकून ठेवायची खासगी बाब नव्हे, आणि झाकल्याने संशयच वाढतो, अशी त्यामागची भूमिका. लक्षात घ्या, तिथे मालक कोण होता? खुद्द न्यायव्यवस्था. तिने स्वतःच्या भरतीला लावलेला न्याय इतरांना जाचक कसा वाटावा?

राहिला उमेदवारांच्या बेइमानीचा मुद्दा. मुलाखतीनंतर महिना-दीड महिना काहीच न कळवणाऱ्या कंपनीला, त्या काळात मुलगा दुसरीकडे रुजू झाला तर बोट दाखवायला जागा राहत नाही. ज्याला ऑफर देऊन तारीख ठरली आणि तरी जो आला नाही, त्याचा दोष त्याचाच. पण एकाच्या दोषाची शिक्षा बाकीच्या सर्वांना मौनाने द्यायची, हे कोणते शास्त्र?

हे सगळे परदेशी चोचले आहेत असेही ऐकायला मिळते. परदेशात काय चालले आहे तेही पाहूच. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात 1 जानेवारी 2026 पासून, 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला मुलाखत दिलेल्या उमेदवाराला 45 दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते कळवावे लागते. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशानुसार पगार किती हे उमेदवाराला आधी सांगायचे, आणि ‘सध्या किती घेता’ हे विचारायचे नाही. तिथले कारखाने यामुळे बंद पडलेले नाहीत. शेंद्र्यात आणि बिडकीनमध्ये ज्या परदेशी कंपन्यांच्या स्वागताला आपण कमानी उभारतो, त्यांतल्या काही आपल्या मायदेशी हे नियम पाळणार आणि इथे आल्यावर ‘कळवतो’ म्हणणार, हे आपण मुकाट ऐकून का घ्यावे?

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक नाकारलेल्या बायोडाटाला कारण द्या, असे मी म्हणत नाही. ते खरोखरच होण्यासारखे नाही. जाहिरातीत पगार आणि काम स्पष्ट लिहा. टप्पे किती ते आधी सांगा. नोंदणी, गणवेश, ट्रेनिंग अशा नावांनी पैसे घेऊ नका. कामाशी संबंध नसलेले विचारू नका. मुलाखत घेतली असेल तर ठरलेल्या तारखेला हो किंवा नाही कळवा. आणि घेतले तर नेमणूकपत्र हातात द्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी तर ते आता बंधनकारकच केले आहे. यातली एक तरी गोष्ट मालकाचा निवडीचा अधिकार हिरावून घेते का, ते वाचकांनी ठरवावे.

आणि तुमच्या घरातले कोणी मुलाखतीला निघाले असेल, तर ‘जास्त विचारू नको’ असे त्याला सांगू नका. समोरचा ‘कळवतो’ म्हणाला, की त्याने नम्रपणे विचारावे: ‘कोणत्या तारखेपर्यंत, साहेब?’