न उगारलेली काठी : महाड, २० मार्च १९२७

स्वसंरक्षणासाठी हाती काय घ्यावे, जीव घेणारे शस्त्र की केवळ हल्ला थोपवणारे, हा प्रश्न बहुधा शस्त्राच्या गुणधर्मांवरून सोडवला जातो. रायगडच्या किनाऱ्याचा इतिहासही आपण तसाच वाचतो : जंजिऱ्याच्या तोफा, आंग्र्यांचे आरमार, खाड्यांच्या मुखावरचे किल्ले. परंतु या प्रश्नाची खरी कसोटी याच मुलखात, सावित्रीच्या काठावरील महाड या जुन्या बाजारपेठेत लागली, आणि ती लागली ती शस्त्र न उगारण्याच्या निर्णयात, असे आम्हांस वाटते.

घटना सर्वपरिचित आहे. सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबईच्या विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळ्याबाबत तसा ठराव केला. तो कागदावरच राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ते आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली. काठ्या घेतलेला जमाव मंडपात जेवत असलेल्या प्रतिनिधींवर तुटून पडला. अन्न मातीत गेले, सुमारे वीस जण गंभीर जखमी झाले, कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

इथवरची हकिगत क्रमिक पुस्तकांत येते. आपण थांबायला हवे ते डाक बंगल्यापाशी. आंबेडकर तिथे उतरले होते, आणि त्यांच्याभोवती शेकडो संतप्त माणसे जमली होती. त्यांत लष्करात नोकरी केलेले लोक होते. दापोली-महाडचा हा टापू लष्करी पेन्शनरांचा. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झालेले. खुद्द आंबेडकरांचे वडील सुभेदार. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण पुन्हा उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली गेली. म्हणजे ज्यांना मारणे जमत नव्हते अशांचा हा संयम नव्हे. प्रतिकाराची आज्ञा मागणाऱ्या या लोकांना आंबेडकरांनी शांत राहण्यास सांगितले, आणि त्यांनी ते मानले.

का मानले? एक उत्तर कायद्यात आहे, आणि सांगणारा बॅरिस्टर होता. १८६० च्या दंडसंहितेने स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला, प्रसंगी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत. आजची भारतीय न्याय संहिताही तो मान्य करते. मात्र या हक्काला मापे आहेत. आवश्यक तेवढीच इजा करावी. सरकारी संरक्षण मिळवण्यास अवधी असेल तर हक्क उरत नाही. धोका टळला की हक्कही संपतो. कायदा हत्याराची जात पाहत नाही, गरज पाहतो. काठी थोपवतेही आणि डोके फोडून जीवही घेते. मंडपात ताटावरून उठून कोणी वार अडवला असता तर ते स्वसंरक्षण. संध्याकाळी गावात शिरून घरे फोडली असती तर तो सूड, आणि न्यायालयात 'दोन जमातींची दंगल'. पाण्याचा हक्क त्या दंगलीत बुडाला असता. प्रत्यक्षात खटला हल्लेखोरांवर चालला आणि जून १९२७ मध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

पण हा हिशेब एवढा स्वच्छ नाही. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी बळ वापरण्याचा हक्कही तोच कायदा देतो, आणि बंगल्यावर संयम पाळला जात असताना गावातल्या रस्त्यांवर एकटेदुकटे प्रतिनिधी मार खात होते. गावी परतणाऱ्यांनाही तो चुकला नाही. संयमाचा निर्णय एका ठिकाणी झाला, त्याची किंमत दुसऱ्या ठिकाणी मोजली गेली. अहिंसेचा गौरव करताना हे विसरणे म्हणजे मार खाणाऱ्यांवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.

आंबेडकर निरपवाद अहिंसावादी नव्हते. बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथावरील १९१८ च्या परीक्षणात त्यांनी जॉन ड्यूईंच्या विचारास अनुसरून बळाची दोन रूपे वेगळी केली होती : कार्य घडवणारी शक्ती आणि नासाडी करणारी हिंसा. बळाशिवाय काहीच घडत नाही. ते साध्याच्या उपयोगी पडते की साध्यालाच गिळते, एवढेच पाहायचे. महाडचा निर्णय या भेदाचा प्रत्यक्ष प्रयोग वाटतो.

डिसेंबरात तोच प्रयोग पुढे गेला. प्रतिनिधी मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि चालत महाडला आले. न्यायालयाचा मनाई हुकूम असल्याने तळ्यावर जाणे स्थगित झाले. परंतु २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्यात आली. ज्या ग्रंथाने पाणी नाकारण्यास आधार पुरवला, त्यावरच तो घाव होता. साहित्याच्या अभ्यासकाने याची नोंद घ्यावी : सैनिकी परंपरेच्या या समाजाने माणसाला सोडून मजकुरावर हत्यार धरले.

आपल्या कथा-चित्रपटांत संयमी माणूस एकतर भित्रा असतो किंवा संत. महाडचे लोक दोन्ही नव्हते. आपण पाण्यासाठी आलो आहोत, हे त्यांनी संतापातही ध्यानात ठेवले. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी त्यांच्या बाजूने सुटला. मधली दहा वर्षेही त्या न उगारलेल्या काठीच्या हिशेबात धरावी लागतात.