साप खातो, तरी खंगतो कसा?

बारामती एमआयडीसीतील गोदामांत उंदरांमागे येणारी धामण वा नाग पकडून घरी ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. असा साप अशक्त दिसला, तर १९२६ या क्रमांकावर वन विभागाला कळवावे. पाळण्याचा प्रश्न येतो तो बॉल पायथनसारख्या आफ्रिकी अजगराचा. त्याचीही 'परिवेश २.०' वर नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

अजगराचे वजन घटू लागल्यास पहिला प्रश्न एकच : तो खातो की नाही? प्रौढ बॉल पायथन हिवाळ्यात अनेक आठवडे उपाशी राहू शकतो. वजन टिकून असल्यास चिंता नको. मात्र बारामतीच्या कोरड्या थंडीत पेटीची उबदार बाजू ३० अंश सेल्सिअसच्या खाली गेली, तर पचन मंदावते, कधी गिळलेले भक्ष्यही ओकले जाते. तोंडात लाली, पू किंवा चिकट लाळ दिसल्यास जंतुसंसर्ग समजावा.

नियमित खाऊनही कणा उठून दिसू लागला, तर संशय कृमींचा. शरीराच्या मध्यभागी सूज व वारंवार उलटी असल्यास क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची शक्यता असते. त्यावर खात्रीचा इलाज नाही, इतर सापांनाही लागण होते आणि नेहमीची जंतुनाशके पुरी पडत नाहीत. ताजी विष्ठा आणि दर पंधरवड्याच्या वजनाची नोंद घेऊन, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे जावे. तोवर जबरदस्तीने भरवू नये. दूध तर मुळीच नको. नागपंचमीचा तो आग्रह सापाला मानवत नाही. स्वच्छ पाण्याचे भांडे पुरे.