तान्ह्यांची धाप : ब्रॉन्किओलायटिस

साध्या सर्दीने सुरुवात होते. दोन-तीन दिवसांत खोकला वाढतो, बाळ धापा टाकू लागते, छातीतून घरघर ऐकू येते आणि अंगावर पिणे मंदावते. दोन वर्षांखालील, त्यातही दोन ते सहा महिन्यांच्या बाळांमध्ये आढळणारा हा विकार म्हणजे ब्रॉन्किओलायटिस. फुप्फुसांतील सर्वांत बारीक श्वासनलिकांचा दाह. बहुतेक बाळे घरीच बरी होतात. काहींना मात्र रुग्णालयात दाखल करावे लागते.

कारण

या आजाराचा प्रमुख कारक म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस (आरएसव्ही). १९५६ मध्ये अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये तो प्रथम सापडला. ऱ्हायनोव्हायरस, ॲडिनोव्हायरस यांसारखे अन्य विषाणूही कारणीभूत ठरतात. संसर्गामुळे नलिकांच्या आतील अस्तराला सूज येते आणि मृत पेशी व चिकट कफ यांनी मार्ग तुंबतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली, की सैद्धांतिकदृष्ट्या प्रवाहाला होणारा अवरोध १६ पट वाढतो. मुळातच अरुंद नलिका असलेल्या तान्ह्यांची दमछाक होते ती यामुळेच.

रुग्णालयातील उपचार

विषाणूचा नायनाट करणारे औषध नेहमीच्या उपचारांत नाही. नाक मोकळे ठेवणे, गरजेनुसार प्राणवायू देणे, नाकातील नळीने दूध किंवा शिरेतून सलाइन देणे आणि सतत लक्ष ठेवणे, हाच उपचारांचा गाभा. सालब्युटामॉल, ॲड्रेनॅलिन वा स्टिरॉइड सरसकट देऊ नये, प्रतिजैविके जिवाणूसंसर्ग असल्यासच द्यावीत, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. त्यामुळे मोजकी औषधे दिली जात असतील, तर पालकांनी त्याला दुर्लक्ष समजू नये.

संभाव्य गुंतागुंत

* श्वास थांबणे : दोन महिन्यांखालील व अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हा धोका अधिक. कधी कधी हेच पहिले लक्षण असते.
* श्वसन निकामी होणे : थकलेल्या बाळाचा श्वास मंदावतो. बाळ निपचित असताना धाप कमी होणे ही सुधारणा नव्हे, धोक्याची खूण होय. अशा वेळी व्हेंटिलेटर लागू शकतो.
* निर्जलीकरण : पिणे घटते आणि जलद श्वासावाटे पाणी कमी होते.
* रक्तातील सोडियम घटणे : आजारात शरीर पाणी धरून ठेवते. अशात कमी क्षारांचे सलाइन दिल्यास झटके येऊ शकतात.
* फुप्फुसाचा भाग मिटणे : कफाने वाट बंद झाल्याने असे घडते.

अपुऱ्या दिवसांची, जन्मजात हृदयदोष, फुप्फुसाचा जुनाट आजार वा दुर्बळ प्रतिकारशक्ती असलेली बाळे विशेष जोखमीची. बरे झाल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. काही मुलांना पुढे वारंवार घरघर होते.

विलंब नको

आजार साधारणतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ऐन भरात असतो. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचा ५० किंवा अधिक असणे, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, दूध निम्म्यावर येणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. ओठ निळसर पडले, श्वास मध्येच थांबला वा बाळ सुस्तावले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

प्रतिबंध

हा विषाणू टणक पृष्ठभागांवर काही तास तग धरतो. म्हणून बाळाला घेण्यापूर्वी हात धुणे, सर्दी झालेल्यांनी दूर राहणे, स्तनपान आणि धूरमुक्त घर यांना पर्याय नाही. आरएसव्हीविरुद्ध १९९८ मध्ये पॅलिव्हिझुमॅब या प्रतिपिंडाला मान्यता मिळाली. परंतु त्याची इंजेक्शने महागडी आणि दरमहा घ्यावी लागणारी होती. एकाच मात्रेत संरक्षण देणाऱ्या निर्सेव्हिमॅबला युरोपात २०२२ मध्ये व अमेरिकेत २०२३ मध्ये, तर गर्भवतींना द्यावयाच्या लशीला या दोन्ही ठिकाणी २०२३ मध्ये परवानगी मिळाली. आपल्या बाळाला यांपैकी कशाची गरज आहे, हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.