रविवार मिळाला, सावलीचे काय?



बाग, हिरवळ, सावली हे सुखवस्तू माणसाचे शौक आहेत, कष्टकऱ्याने आधी भाकरीचे पाहावे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. कामगार संघटनेच्या कामात हे वाक्य मी मालकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि कामगारांच्याही. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. झाडाचा आणि मोकळ्या जागेचा प्रश्न हा गरिबाच्या आयुष्याच्या दोरीचा प्रश्न आहे.

नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक विचाराचे पुढारी. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. मागणी एकच, आठवड्यातून एक दिवस सुटी. १० जूनला मालकांनी ती मान्य केली. आपण आज रविवार उपभोगतो त्यामागे हा लढा आहे.

पण सुटी मिळाली, ती घालवायची कोठे? दिवसभर कापसाचा तंतू छातीत घेणारा माणूस रात्री एका खोलीत आठदहा जणांसह निजे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये उघडली होती. चाळीच्या दारात मात्र गटार होते. १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला. रोग्यांची सेवा करीत असता फेब्रुवारी १८९७ मध्ये लोखंडे त्याच रोगाने गेले. पुढच्याच महिन्यात पुण्यास सावित्रीबाई गेल्या.

सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. कोंदट हवेने रोग होतो अशी त्या वेळची समजूत. म्हणून समुद्राचा वारा आत यावा यासाठी वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. प्लेग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने त्याच वर्षी दाखवले, तेव्हा निदान चुकीचेच होते. तरी दाटीवाटीच्या अंधाऱ्या खोल्यांत क्षय फोफावतो, हे तर खरेच. पुढे दादर-माटुंग्यास बागा आणि झाडांच्या रांगा आल्या. पण तेथे राहावयास गेला तो मुख्यतः पांढरपेशा वर्ग. कामगाराच्या वाट्याला पुन्हा चाळच आली.

हा भेद केवळ आपल्याकडचा नव्हे. लंडनच्या पूर्व भागातील मजूरवस्तीत बाग केल्यास दरवर्षी कित्येक हजार मृत्यू टळतील, असे विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाने १८३९ च्या सुमारास लिहिले. लोकांनी सह्या करून मागणी केली, आणि १८४५ मध्ये व्हिक्टोरिया पार्क खुले झाले. अलीकडच्या शास्त्राने त्यात भरच घातली आहे. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची तुलना करून १८८४ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८४ मध्ये, निष्कर्ष मांडला: खिडकीतून झाडे दिसणारे रोगी विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली. २००८ मध्ये मिचेल आणि पॉपहॅम यांनी इंग्लंडमध्ये पाहिले, की जेथे हिरवाई अधिक, तेथे श्रीमंत आणि गरीब यांच्या मृत्युप्रमाणातील अंतर कमी. म्हणजे हिरवाईची गरज गरिबालाच जास्त!

मग मुंबईत काय झाले? १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी ठरला. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जागेची. गिरणीच्या आवारात रिकामी जागा ती किती असणार! मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला, आणि बागांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. ज्याच्या पूर्वजांनी रविवार मिळवला, त्याला मैदान मिळाले नाही.

पोखर्णीकरांनो, ही मुंबईची गोष्ट तुम्हाला दूरची वाटेल. पण वैशाखात नृसिंहाच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू आधी सावली शोधतो, हे तुम्ही पाहताच. परभणीचा उन्हाळा अंगमेहनतीच्या माणसाला जीवघेणा. शेतमजूर बाई दुपारी बसते ती बांधावरच्या लिंबाखाली. तेच तिचे विश्रांतिगृह. गावाची मोकळी जागा म्हणजे गायरान, ओढ्याचा काठ, शाळेचे आवार. २८ जानेवारी २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी अतिक्रमणातून सोडवून ग्रामपंचायतीला परत देण्यास सांगितले. भूमिहीन आणि दलितांना रीतसर दिलेल्या जमिनींची वाट मात्र मोकळी ठेवली. हा विवेक आपणही ठेवावा. गरिबाची भाकर काढून झाड लावू नये. धनवंताने गिळलेली जागा मात्र सोडू नये.

मजुरी, कामाचे तास आणि सुटी या मागण्या एके काळी वेडेपणाच्या वाटत. सावलीची मागणी आज तशी वाटते. ग्रामसभेत ती मांडा, ठरावाच्या वहीत लिहून घ्या, आणि लावलेल्या झाडाला तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचे नावही त्याच ठरावात लिहा.