दान्ते, मेराज आणि पुराव्याची वाट

ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो. युरोपच्या संस्कृतीवर लिहू पाहणारी आपली मुले विषय विचारायला येतात, तेव्हा बऱ्याच जणांच्या मनात एक वाक्य आधीच पक्के असते: युरोपने सगळे मुसलमानांकडून घेतले. जलशात या वाक्याला टाळ्या मिळतात. प्रबंधाचा परीक्षक मात्र विचारतो, कोणी घेतले, कोणाकडून आणि कोणत्या वाटेने? हे कसे शोधतात ते सांगायला मी एका स्पॅनिश पाद्र्याची हकीकत सांगतो.

मिगेल आसिन पालासिओस माद्रिदला अरबीचे प्राध्यापक होते आणि कॅथलिक धर्मगुरूही. २६ जानेवारी १९१९ रोजी स्पेनच्या भाषा अकादमीत प्रवेश करताना त्यांनी भाषण केले. इटलीचा महाकवी दान्ते याच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची घडण मेराजच्या कथांशी आणि इब्न अरबी यांच्या लिखाणाशी जुळते, असे त्यांनी मांडले. मेराज म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांचा एका रात्रीतला आकाशप्रवास. दान्तेही नरक पाहून एकेक आकाश ओलांडत वर जातो. दोन्हीकडे वाटाड्या आहे, पापानुसार शिक्षा आहे आणि वर ईश्वरी नूर आहे.

इटलीतल्या अनेक अभ्यासकांना हे रुचले नाही. १९२१ मध्ये दान्तेच्या मृत्यूला ६०० वर्षे होत होती, त्यामुळे अभिमान दुखावला हे खरेच. पण त्यांच्या आक्षेपाला वजन होते. दान्तेला अरबी येत होते याचा काही पुरावा नाही, मग या कथा त्याच्यापर्यंत पोहोचल्या कशा? दान्ते ज्याला गुरू मानत होता तो ब्रुनेत्तो लातिनी १२६० मध्ये कॅस्टीलचा राजा दहावा अल्फान्सो याच्याकडे फ्लॉरेन्सचा वकील म्हणून गेला होता, याकडे आसिन यांनी बोट दाखवले. तो अंदाज होता, कागद नव्हता. १९४४ मध्ये आसिन वारले.

१९४९ मध्ये इटलीत चेरुली आणि स्पेनमध्ये मुन्योस सेंदिनो यांनी स्वतंत्रपणे एकच ग्रंथ छापला. ती मेराजच्या किताबाची लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधली भाषांतरे होती. अल्फान्सोच्या दरबारातल्या अब्राहम नावाच्या यहुदी हकीमाने अरबीवरून स्पॅनिश भाषांतर केले होते. पुढे सिएनाच्या बोनाव्हेंतुराने ते फ्रेंचमध्ये आणले, साल १२६४. दान्तेचा जन्म १२६५ चा.

यावरून काय सिद्ध होते? वाट खुली होती, एवढेच. दान्ते त्या वाटेने गेला, हा पुरावा नाही. तो वाद अजून चालू आहे. प्रबंध लिहिणाऱ्याने हा फरक जपायचा असतो.

आणखी दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. दान्तेने त्याच काव्यात आपल्या प्रेषितांविषयी अत्यंत अपमानकारक लिहिले आहे, आणि इब्न सीना, इब्न रुश्द व सलाहुद्दीन यांना नरकाच्या काठावर, थोरामोठ्यांच्या पंगतीत बसवले आहे. एक लिहून दुसरे लपवले, तर तो अभ्यास नव्हे, वकिली झाली. दुसरे असे की मूळ ग्रंथ अरबी, भाषांतरकार यहुदी, राजा ख्रिस्ती आणि पुढचा लेखक इटालियन. यात नुसते 'आपले' काय आणि 'त्यांचे' काय?

म्हणून मुलांना माझे सांगणे असते की विषय लहान घ्या. दान्तेचा एक सर्ग आणि मेराजच्या किताबातले एक प्रकरण समोरासमोर ठेवा. दोन्हींची इंग्रजी भाषांतरे मिळतात. जे साम्य सापडेल ते संत पॉलच्या नरकदर्शनाच्या जुन्या ख्रिस्ती कथांतही आहे का, हे आधी तपासा. तिथे असेल, तर आपला दावा तेवढा मागे घ्या. जे उरेल ते थोडेच असेल, पण त्यावर बोट ठेवून विचारणाऱ्या कोणालाही उत्तर देता येईल.

मोठे वाक्य आपल्याच घोळक्यात चालते. पुराव्याने उभे केलेले लहान वाक्य समोरच्यालाही मानावे लागते. आपल्या पूर्वजांच्या इल्मची कदर करायची असेल, तर मला हाच रस्ता दिसतो.