पहिल्या तीन महिन्यांची गोळी

पाळी चुकते, सकाळी भाकरी थापताना भाजल्या पिठाच्या वासाने पोटात ढवळते, आणि आमच्या मराठवाड्यातल्या मुखेड-कंधारकडच्या सासूला सुनेने काही सांगायची गरज उरत नाही. दिवस गेलेत. मग कधीतरी आशाताई येतात, माता-बाल संरक्षण कार्ड भरले जाते, गोळ्या हातात पडतात. पहिल्या तिमाहीत फक्त फोलिक ॲसिड. लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून, रोज एक, 180 दिवस. उलट्यांच्या दिवसांत लोह पोटाला सोसत नाही, म्हणून ते मागे ठेवलेले असते.

लाल गोळीवर गावात सगळे बोलतात. शौचाला काळे होते, बाळ मोठे होऊन सिझर करावे लागते, बाळ काळे निपजते. यातली पहिली गोष्ट खरी आणि निरुपद्रवी, बाकीच्या खोट्या. पहिल्या तीन महिन्यांच्या इवल्या गोळीबद्दल मात्र कुणी ब्रही काढत नाही. तिचे घराणे मोठे आहे, आणि ते मुंबईच्या गिरणगावात सुरू होते.

1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. मार्गारेट बाल्फोर या डॉक्टर बाईंनी तिला बोलावले होते. कारण होते कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांचा गरोदरपणातला पंडुरोग. साध्या पंडुरोगात रक्ताच्या पेशी लहान होतात. इथे त्या फुगून मोठ्या होत. बायका पांढऱ्याफटक पडत आणि पुष्कळदा बाळासह दगावत. परळच्या हाफकिन संस्थेतून विल्सने शोध घेतला. आधी जंतूचा संशय घेतला, तो टिकला नाही. मग तिने पुढचा प्रश्न विचारला, आणि या साऱ्या इतिहासात मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो: या बायकांच्या चुलीवर शिजते काय? 1930 मध्ये विल्स आणि सहलेखक तळपदे यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी छापली. ज्या ताटांत पालेभाजी, फळे, दूध जेमतेम येत, त्या ताटांकडे बोट दाखवता आले.

त्याच सुमारास मुंबई प्रांताच्या विधिमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचा प्रश्न गाजत होता. 1928 मध्ये डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलले आणि 1929 मध्ये कायदा झाला. गरोदर कष्टकरीण काय खाते आणि किती दिवस विसावा घेते, हे दोन्ही प्रश्न एकाच शहराने एकाच वेळी विचारले, याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढचा टप्पा दक्षिणेतल्या कुन्नूरचा. तिथल्या पाश्चर संस्थेत विल्सने उंदरांना तसेच निकृष्ट अन्न देऊन पाहिले; पुढे माकडांवरही तोच प्रयोग केला. आजारी पडलेले एक माकड मार्माइटने सावरले. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा अर्क, अगदी स्वस्त. तो बायकांना दिला तर थोड्याच दिवसांत रक्त सुधारू लागले. 1931 मध्ये हे जगाला कळले. अर्कातल्या अनोळखी द्रव्याला लोक ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

त्याला नाव मिळायला आणखी दहा वर्षे लागली. 1941 मध्ये अमेरिकेत टेक्सासला तब्बल चार टन पालकातून ते चिमूटभर वेगळे काढले गेले. लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’, म्हणून फोलिक. 1945 मध्ये लेडर्ली कंपनीत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाची धुरा यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. आंध्रातल्या भीमावरमच्या या माणसाने मायदेशी परत पाऊल ठेवले नाही. त्यांच्या देखरेखीखाली घडलेली वस्तू मात्र आली. 1970 पासून भारत सरकारच्या पंडुरोग प्रतिबंध कार्यक्रमात ती लोहाबरोबर गरोदर बायकांना मिळू लागली.

तोवर ती रक्ताची गोळी होती. तिचे दुसरे काम 1991 मध्ये पक्के झाले. आधीचे बाळ मज्जारज्जूच्या दोषाने गेलेल्या किंवा अधू झालेल्या बायकांवर ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने सात देशांत चाचणी घेतली. दिवस जाण्याआधीपासून फोलिक ॲसिड घेतलेल्यांत तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. उघड्या मणक्याचे, कवटी न झालेले बाळ ज्या घरात जन्मले, त्या घराला या आकड्याचा अर्थ कळतो.

‘दिवस जाण्याआधीपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गर्भाची मज्जानलिका, जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, गर्भधारणेपासून 28 दिवसांच्या आसपास मिटते. शेवटच्या पाळीपासून मोजले तर तो सहावा आठवडा. पाळी चुकल्याचे कळते पाचव्यात. मळमळ साधारण सहाव्यात सुरू होते. पुढे लाजत-बिचकत घरात सांगणे, उपकेंद्र, नोंदणी. म्हणजे गोळी हातात येते तेव्हा नलिका बहुधा मिटलेली असते. तरीही ती घ्यायचीच, कारण रक्तासाठी फोलिक ॲसिड पुढेही लागते. पण तिचे जे दुसरे काम, त्याची वेळ गेलेली असते.

ताटातल्या फोलेटवर, म्हणजे अन्नातल्या फोलिक ॲसिडवर, विसंबावे, तर आमच्याकडे पालेभाजी हंगामावर चालते. थंडीत हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, करडई, चाकवत, तांदुळजा. उन्हाळ्यात रान भकास. 2016 मध्ये लातूर मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पीत होते, तेव्हा दारातली मेथी कोण शिंपणार होते? भाजी मिळाली तरी फार वेळ उकळून पाणी ओतून दिले की फोलेटही त्याबरोबर जाते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याचे तर सगळेच वेगळे. कारखान्याच्या तळावरच्या कोपीत पहिले तीन महिने निघून जातात आणि कार्ड गावीच राहते.

2018 च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात दिवस जाण्याआधीपासून 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावे, असे लिहून ठेवले आहे. कागद बरोबर आहे. आता ती गोळी नोंदणीच्या रांगेतून काढून वैशाखात लग्न होऊन आलेल्या मुलीच्या हाती, आणि तळावर निघालेल्या ट्रॅक्टरमधल्या पिठाच्या डब्याशेजारी पोचली पाहिजे. आणि गोळी देणाऱ्याने सोबत विल्स-तळपदेंचा प्रश्नही विचारला पाहिजे: बाई, काल रात्री काय जेवलीस?