शाळेच्या पटावरील पहिली नोंद

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक चार शब्द लिहावेत अशी सूचना संपादक मंडळाने आम्हांस केली, तेव्हा आमचे मन कुलवृत्तांताच्या जुन्या बाडांकडे न वळता मुळशी तालुक्यातील लवासाच्या घाटवाटेकडे वळले. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब तेथे राहतात. गेल्या ज्येष्ठात आमच्या नातीस सहावे वर्ष पूर्ण होऊन तिचे नाव इयत्ता पहिलीत घालण्याचा प्रसंग आला. नाव घालणे म्हणजे अर्ध्या तासाचे काम, अशी आमची समजूत होती. ती खोटी ठरण्यास दोन महिने लागले, आणि त्या अवधीत जे वाचले, ऐकले व आठवले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम स्थळाविषयी. लवासा हे कोणत्याही जुन्या गावाचे नाव नव्हे; ते घडविलेले नाव आहे. जेथे ही वसाहत उभी राहिली ते मोसे खोरे होय. शिवरायांच्या आरंभकाळच्या साथीदारांतील बाजी पासलकर याच खोऱ्याचे देशमुख. मोसे नदीवर वरसगावचे धरण झाले आणि जलाशयास त्या वीराचे नाव मिळाले. या शतकाच्या आरंभी त्या पाण्याच्या काठी दासवे गावच्या परिसरात खाजगी कंपनीने नवे गिरिनगर उभारण्यास घेतले. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबविण्याची नोटीस काढली, पुढे सशर्त परवानगी मिळाली, आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. रंगीत इमारती उभ्या राहिल्या, पण शहरास शोभेल अशी वस्ती काही जमली नाही. अशा जागी सहा वर्षांच्या मुलीस कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न पुण्यात बसून वाटतो तितका सोपा नाही.

आमच्या आजोबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. गावात पंतोजींची शाळा एकच. मुहूर्त पाहून पाटीपूजन व्हावयाचे, गूळखोबरे वाटले जावयाचे, आणि धूळपाटीवर बोट धरून श्रीगणेशा गिरविला की मूल शाळेत गेले असे समजावे. पुढे उजळणी, पावकी-निमकी, मोडी अक्षर आणि सायंकाळी परवचा. ती शाळा सर्वस्वी खाजगीच होती. सरकारचा तिच्याशी संबंध नव्हता. मात्र तिचा उंबरठा सर्वांसाठी नव्हता, हे आपण जुन्या काळाचे गोडवे गाताना विसरतो. मुली तेथे नव्हत्या, आणि ज्यांना गावाने दूर ठेविले त्यांची मुले तर नव्हतीच.

तो उंबरठा ओलांडला गेला तोही खाजगी प्रयत्नानेच. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. सरकारी हुकुमाची त्यांनी वाट पाहिली नाही. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला, पण तोपर्यंत लोकनिंदा, शेणमाती, गृहत्याग हे सर्व सोसून झालेले होते. तेथील शिक्षणाचे फळ किती लवकर आले पाहा: मांग समाजातील मुक्ता नावाच्या विद्यार्थिनीचा आपल्या लोकांच्या दुःखस्थितीविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. भिडे वाड्याची जीर्ण वास्तू राष्ट्रीय स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात उतरविण्यात आली. नातीस ती दाखविण्याचे आमच्या मनात होते. ते राहून गेले.

पुढे १८८० साली चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, आगरकर लवकरच येऊन मिळाले, आणि पुण्यात खाजगी शाळांची परंपरा रुजली. परंतु ज्ञातिसंस्थांच्या दृष्टीने आम्हांस कोल्हापूरचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस आश्रय दिला, आणि आपल्यासारख्या कितीतरी मंडळांच्या शिक्षणफंडांची प्रेरणा तेथली आहे. पण त्याच महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. वसतिगृह मोठ्या मुलांसाठी असते. पायाचे काम लहानग्यांपासूनच केले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या मंडळांची पारितोषिके मात्र आजही बहुधा शालान्त परीक्षेपासून सुरू होतात. असो.

लहान मुलाच्या मनाचा विचार करून शाळा बेतणे ही त्याहून अलीकडची गोष्ट. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंजवळ हे शास्त्र शिकल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. आणि १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे आदिवासी वस्तीजवळ काम मांडले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे अंगणवाडी जन्मली. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

इतके पूर्वज पाठीशी असता आमच्या नातीचा अनुभव काय? घाटाखालच्या एका नावाजलेल्या शाळेत, जिचे नाव येथे घेत नाही, मुलीस समोर बसवून रंग, आकार व आकडे इंग्रजीत विचारण्यात आले. नंतर तिच्या आईस वेगळ्या खोलीत बोलावून शिक्षण व बोलीभाषा यांची चौकशी झाली. पोर गप्प राहिली. घरी येऊन तिने आम्हांस विचारले, "आजोबा, मी नापास झाले का?" वाचकहो, २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाची अथवा पालकांची अशी चाळणी लावण्यास आणि देणगी घेण्यास मनाई आहे, चाळणीबद्दल पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. जन्मदाखला नाही एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. खाजगी विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखावयाच्या आहेत. २०२४ साली राज्य शासनाने या तरतुदीतून काही शाळा वगळू पाहिल्या, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. हे सर्व आम्हांस तेव्हा ठाऊक असते तर त्या खोलीच्या दारातच बोललो असतो. आपल्या सभासद कुटुंबांस तरी ते आधी ठाऊक असावे, म्हणून विस्ताराने लिहिले.

अखेर पिरंगुटकडे एका लहान संस्थेच्या मराठी शाळेत नाव घालण्याचे ठरले. तेथील बाईंनी मुलीस काही विचारले नाही. खडू दिला आणि फळा दाखविला. अर्ज मात्र आम्हीच भरावयास बसलो, आणि येथे आमचा स्वतःचा इतिहास आडवा आला. आमची जन्मतारीख कागदोपत्री एक जून आहे. आमच्या पिढीतील कित्येकांची तीच आहे, कारण गुरुजींनी शाळेच्या सोयीने ती घातली. आईच्या आठवणीप्रमाणे आम्ही भर थंडीत जन्मलो. पटावर एकदा लिहिले ते जन्मभर चिकटते. सातारच्या हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी पटावर १९१४ क्रमांकास 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

जातीच्या रकान्याशी सूनबाईंचा हात थांबला. "बाबा, एवढ्याशा पोरीला हे कशाला?" त्या म्हणाल्या. ज्ञातिमंडळाच्या कार्यात आयुष्य घातलेल्या आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. भिडे वाड्याच्या पटाची आठवण झाली. पण व्यवहारही डोळ्यांपुढे होता. जातीचा दाखला पडताळताना समितीपुढे वाडवडिलांच्या जुन्या शाळानोंदी मागितल्या जातात: अनुसूचित जातींना १९५० पूर्वीच्या, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीच्या, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीच्या. एका अक्षराच्या फरकापायी हेलपाटे घालणारी मुले आम्ही कार्यालयात पाहिली आहेत. आम्ही म्हणालो, "तिला नको असेल तर ती उद्या खोडील, पण खोडावयास काही लिहिलेले तरी असू द्या." सूनबाईंस ते पटले असे त्यांच्या मुद्रेवरून वाटले नाही, तरी त्यांनी रकाना भरला.

लेखनिकाने नोंद रजिस्टरात उतरविल्यावर ती वाचून दाखविण्याची विनंती आम्ही केली. आडनावातील दीर्घ वेलांटी ऱ्हस्व झाली होती. त्यांनी ती तेथेच दुरुस्त करून शेजारी मुख्याध्यापिकाबाईंची सही घेतली. तोवर नातीने फळ्यावर एक घर, एक डोंगर आणि डोंगराएवढी मांजर काढली होती, आणि ती पुसू देईना.